कवटी, हडळ आणि दुसरीतला वाचक
(पालकांसाठी माहितीपत्रक)

पालकहो,

आमच्या पुस्तकांच्या दुकानात मागच्या भिंतीला, मुलांचा हात सहज पोचेल अशा उंचीवर एक काळी फळी आहे. आपलं डोकं कुठेतरी विसरून आलेलं भूत, शेंबडाचं सार रांधणारी चेटकीण, राक्षसाच्या पोटात शिरून आतून गुदगुल्या करणारी मुलगी, अशी मंडळी तिथे राहतात. मुलं थेट त्या फळीकडे धावतात आणि आईबाबा आमच्याकडे बघतात. बिल करता करता दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून हे पत्रक.

ही पुस्तकं साधारण दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी आहेत, म्हणजे ज्यांना अक्षरं आली आहेत पण वाचन अजून अंगवळणी पडलेलं नाही अशांसाठी. या टप्प्यावर मूल काना, मात्रा, वेलांटी असं एकेक जुळवत शब्दाच्या शेवटाला पोचतं, आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. एवढे कष्ट त्यानं कशासाठी घ्यावेत? ‘कमल नमन कर’ वाचून झाल्यावर पुढे काय झालं, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. आता हे वाचा: ‘राजूनं खाटेखाली हात घातला. तिथं आधीच एक हात होता.’ यात एकही जोडाक्षर नाही. नुकतं वाचायला लागलेलं मूल हे स्वतः वाचू शकतं, आणि पान उलटल्याशिवाय राहत नाही.

मराठीनं या बाबतीत आपल्यावर मोठीच मेहेरबानी केली आहे. भूत, हडळ, खवीस, मुंजा, वेताळ, चेटकीण, कवटी, हाड, सांगाडा यांपैकी एकाही शब्दात जोडाक्षर नाही. खाण्या-गिळण्याचे आवाज त्याहून सोपे. कचाकचा, गटागटा, बकाबका यांत दोन अक्षरं ओळखली की चार अक्षरांचा शब्द वाचून होतो, आणि तो मोठ्यानं म्हणावासाही वाटतो. मग हळूहळू रक्त येतं, राक्षस येतो, स्मशान येतं. दुसरीतली एक मुलगी आमच्याकडे जमिनीवर बसून ‘ब्रह्मराक्षस’ या शब्दाशी किती तरी वेळ झटत होती. ब्र, ह्म, क्ष, तीन जोडाक्षरं एकाच शब्दात! तो सुटला तेव्हा तिनं दुकानातल्या प्रत्येकाला, चहा घेऊन आलेल्या काकांनासुद्धा, तो म्हणून दाखवला. ‘विद्यार्थी’ या शब्दासाठी इतकी झटापट करताना आम्ही अजून कुणाला पाहिलेलं नाही.

‘पण इतकं किळसवाणं कशाला?’

हा प्रश्न आम्हाला रोज येतो आणि तो रास्त आहे.

या वयात मुलांचे स्वतःचेच दात पडत असतात. हलणारा दात जिभेनं ढकलायचा, हिरडीतलं रक्त चाखून बघायचं, गुडघ्यावरची खपली आई बघत नसताना उचकटायची, हे त्यांचं रोजचं आयुष्य आहे. शरीर हा त्यांचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. त्यावर मोठी माणसं फक्त ‘शी!’ म्हणतात, गोष्ट मात्र त्यावर मनापासून बोलते.

आणि आपल्या आज्यांनी तरी काय सांगितलं? भोपळ्यातून टुणूक टुणूक जाणाऱ्या म्हातारीला वाटेत भेटणारा प्रत्येक जण खायलाच निघालेला असतो. विक्रमानं उत्तर ठाऊक असूनही मौन पाळलं, तर त्याच्या डोक्याची शकलं व्हायची असतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न, गाडीचे बैल आणि वर एक माणूस लागतो. तिथे भीम जातो आणि बकासुरासाठी आणलेलं अन्न त्याच्यासमोरच खायला बसतो. बकासुर पाठीत गुद्दे घालतोय आणि भीम घास काही थांबवत नाही. या प्रसंगाला हसला नाही असा मुलगा आम्हाला दाखवा. भीती आणि हसू एकाच ताटात वाढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. भीती वाढत जाते, आता काय होणार म्हणून मूल श्वास धरतं, आणि नेमक्या त्या क्षणी राक्षसाला उचकी लागते. त्या हशानं मुलाला कळतं की आपण घाबरलो होतो आणि त्यातून पारही पडलो.

मात्र भीती दाखवून मुलांना वळण लावणारी पुस्तकं आम्ही ठेवत नाही. तीही परंपरा जुनी आहे. फ्रांकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टरांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी रचलेलं पुस्तक १८४५ मध्ये छापलं गेलं. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीनं कापून टाकतो. त्या काळी ते गाजलं. आमच्या फळीवर कात्री राक्षसाच्या हातात असली, तरी शेवटी मिशा त्याच्याच कापल्या जातात. कथेतलं मूल जिंकतं, निदान सुटतं तरी.

आणखीही काही गोष्टींना आमच्याकडे जागा नाही. जाड, काळ्या, तोतऱ्या किंवा लंगड्या मुलावर बेतलेला विनोद नको. मुक्या प्राण्याचे हाल करून हसवणं नको. ‘ही सत्यघटना आहे’ असं सांगणारी भुताची पुस्तकं आणि मांत्रिकानं आजार बरा केल्याच्या कथा तर मुळीच नकोत. भूत गोष्टीतलं आहे, हे मुलाला पहिल्या पानापासून कळलं पाहिजे. त्यासाठी आम्ही चित्रं नीट बघतो. रक्ताऐवजी हिरवा चिखल असेल, राक्षसाच्या चड्डीला ठिगळ असेल, तर मूल निश्चिंत होतं.

दोन चिकट्या

प्रत्येक पुस्तकावर आम्ही दोन चिकट्या लावतो. रंगाची चिकटी वाचनाची: पिवळी म्हणजे जोडाक्षरं नाहीत, नारिंगी म्हणजे थोडी, काळी म्हणजे सगळी. दुसरी कवट्यांची: एक कवटी म्हणजे नुसती गंमत, तीन म्हणजे मधल्या एका पानावर छाती धडधडेल. वाचनाची ताकद आणि धाडस ही दोन मापं वेगळी आहेत, आणि गफलत इथेच होते. भराभर वाचणारी मुलगी एका कवटीपाशीच खूश असू शकते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला तीन हव्या असतात आणि त्याच्या हाती आपण बोबडी पुस्तकं देतो. परदेशात वाढणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या पण उशिरा वाचायला लागलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी पिवळ्या रंगाची, तीन कवट्यांची पुस्तकं आम्ही आवर्जून सुचवतो. वाक्य सोपं असतं आणि गोष्ट बाळबोध नसते.

घरी वाचताना

पहिलं वाचन दिवसाउजेडी होऊ द्या. मूल शब्दाला अडलं तर तो सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या. प्रत्येक वेलांटी दुरुस्त करत बसलात तर विनोद तिथेच मरतो. मध्येच पुस्तक मिटलं तर ‘घाबरलास काय?’ असं विचारू नका. ते बहुधा परत उघडतं. तुम्ही श्रोता व्हा आणि योग्य जागी दचका, हे काम मोठ्यांना फार छान जमतं. आजी-आजोबा कोकणातले असतील तर त्यांना गिऱ्हा या पाण्यातल्या भुताबद्दल विचारा. मुलाला वाचायला पुढचं पुस्तक लागेल आणि कदाचित लिहायलाही काही सुचेल.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, मूल दवाखान्यातून आलं असेल किंवा अंधारात न्हाणीघरापर्यंत जायलाही भीत असेल, तर आम्हाला हळूच सांगा. त्या दिवशी आम्ही दुसरी फळी दाखवू. इथे घाई करण्यासारखं काही नाही.

पुस्तक जास्तच भीतिदायक निघालं तर पंधरा दिवसांत परत आणा. कोपरे दुमडलेले असले तरी चालतील, कारण विचारणार नाही, बदल्यात दुसरं देऊ. विकत घ्यायचं नसेल तर फळीसमोर चटई घातलेली आहे, तिथे बसून वाचता येतं. फक्त पुस्तक मुलालाच निवडू द्या. तुमच्यासाठी बाजूला खुर्ची ठेवली आहे.