माळवदावरचा डबा

आमच्या जुन्या घराच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, साणं होतं, उजेडासाठी ठेवलेला झरोका. पावसाळ्यात त्यावर ठेवलेला पत्रा पुढे कुणी काढलाच नाही, आणि त्या पत्र्याला खिळ्याचं एक वेडंवाकडं भोक होतं. मे महिन्याच्या दुपारी त्यातून सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडायचा. भोक कसंही असो, कवडसा मात्र गरगरीत गोल, दहाच्या नाण्याएवढा. आजी त्यावरून बारा वाजल्याचं सांगायची.

तो गोल म्हणजे भोकाची सावली नव्हे, सूर्याचं चित्र होतं हे मला 24 ऑक्टोबर 1995 रोजी कळलं. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं. राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. सकाळी अंगणातल्या लिंबाखाली गेलो, तर सणासाठी नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर शेकडो चंद्रकोरी हलत होत्या. लिंबाच्या पानांमधली प्रत्येक फट स्वतःपुरता एकेक सूर्य भिंतीवर काढत होती.

उजेड सरळ रेषेत जातो, एवढ्यावर हा सगळा खेळ उभा आहे. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण बारीक भोकातून खाली उतरतो, खालच्या कडेचा वर जातो, आणि पलीकडे उलटं चित्र उमटतं. सूर्याचा व्यास त्याच्या आपल्यापासूनच्या अंतराच्या साधारण 108 व्या भागाइतका असल्याने तेच प्रमाण चित्रातही येतं. छत 3 मीटर उंच असेल तर कवडसा सुमारे 28 मिलिमीटरचा. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. आजीचं घड्याळ आणि माझा कॅमेरा, दोन्ही त्या एकाच पत्र्यात होते.

भिंग नसलेला कॅमेरा म्हणजे हेच भोक, फक्त डब्याला पाडलेलं. मी कोल्ड्रिंकचा 330 मिलिलिटरचा रिकामा कॅन वापरतो. त्याचा व्यास सुमारे 66 मिलिमीटर. भोक मोठं झालं की चित्र पसरट होतं. फार बारीक केलं तरी पसरटच होतं, कारण अगदी अरुंद वाटेतून जाताना प्रकाशलहरी कडेला वळून फाकतात. या अंतराला मधलं बरं माप निघतं सुमारे 0.36 मिलिमीटर. सुईचं टोक पत्र्यावर नुसतं टेकवायचं, आरपार जाऊ द्यायचं नाही. मागच्या बाजूला आलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासत राहायचं, की भोक आपोआप उघडतं आणि कडा पातळ राहते. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि माझं पहिल्या चार वेळा बिघडलं.

आत लावायचा कागद ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा, चांदीच्या क्षारांचा लेप असलेला. स्टेशनरीत मिळणारा प्रिंटरचा चकचकीत फोटो पेपर इथे काही कामाचा नाही, त्याला उजेडाचं सोयरसुतक नसतं. जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर कधी कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' छापाचं पाकीट निघतं. मुदत संपलेला कागदसुद्धा चालतो. रात्री लाल झिरोच्या बल्बखाली कागद गोल करून कॅनमध्ये सरकवायचा, लेपाची बाजू भोकाकडे, आणि भोक झाकलं जाऊ नये म्हणून भोकापाशी कागदाच्या दोन कडांमध्ये फट ठेवायची. तोंड काळ्या टेपने बंद. मग कॅन भिंतीला घट्ट बांधून सहा महिने विसरून जायचं.

सहा महिने, कारण इथे फोटो धुवायचा नाही. एरवी कागदावर क्षणभर पडलेला उजेड डोळ्यांना दिसत नाही, रसायनात बुडवून तो वाढवावा लागतो. पण सूर्य रोज त्याच लेपावरून जात राहिला, की क्षारांतली चांदी सुटी होऊन साचत जाते आणि त्याच्या वाटेची रेघ कागदावर तशीच दिसू लागते. कॅन उघडला की कागद एकदाच स्कॅन करायचा (स्कॅनरचा उजेडही त्याला काळवंडतो), मोबाइलवर उलटा करायचा, काळ्याचं पांढरं करायचं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत 2012 मध्ये लावलेला बिअरचा असाच एक कॅन विसरला गेला आणि 2020 मध्ये सापडला. आठ वर्षांतल्या सूर्याच्या 2953 कमानी त्याच्या कागदावर होत्या.

त्यांची नक्कल करायला गेलो आणि फसलो. पहिला कॅन दक्षिणेकडे तोंड करून उभा बांधला होता. कागदावर दुपार नव्हतीच! भोक मधोमध असलेल्या उभ्या कॅनला समोरचं आकाश जेमतेम 40 अंशांपर्यंत दिसतं. इंग्लंडात डिसेंबरचा सूर्य दुपारी 15 अंशांवर असतो, त्यामुळे तिथे हे जमतं. आमच्या लातूरला तो सर्वांत खाली असतानाही 48 अंशांवर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला. परदेशातल्या कृती मराठवाड्याच्या उन्हात जशाच्या तशा शिजत नाहीत.

दुसरा कॅन वानरांनी नेला. तिसरा पूर्वेकडे तोंड करून बांधला, 21 जूनला. त्यात सकाळचे पहिले तीनेक तास येतात. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून कमानींऐवजी थोड्या कललेल्या उभ्या रेघा मिळतात. जून ते डिसेंबर या काळात उगवण्याची जागा क्षितिजावर जवळपास 50 अंश दक्षिणेला सरकते. दोन्ही टोकांना रेघा दाटीवाटीने बसतात, मधे त्या मानाने विरळ होतात. सर्वांत दक्षिणेची रेघ 22 डिसेंबरच्या आसपासची असते, संक्रांतीची नाही. उत्तरायण तिळगुळाच्या तीनेक आठवडे आधीच सुरू झालेलं असतं.

सप्टेंबरात रेघ दिवसाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकते, आणि सूर्याचं चित्र आहे 0.6 मिलिमीटरचं. म्हणजे रोज स्वच्छ ऊन पडलं तर शेजारच्या रेघा एकमेकींना चिकटून नुसता पांढरा पट्टा झाला असता. माझ्या कागदावर ऑक्टोबरनंतर तसंच झालंय. त्या आधी मात्र रेघा तुटक आहेत, कारण ढगाळ सकाळी कागदावर काहीच उमटत नाही. ऑगस्ट महिना साधारण बोटाच्या रुंदीएवढा, आणि त्यात बरीचशी काळी फट.

ते चित्र शेजारच्या काकांना दाखवलं. त्यांचं सोयाबीन त्या ऑगस्टात फुलावर असतानाच वाळलं होतं. त्यांनी फटीवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "इथं काय झालं?" म्हटलं, "ढग होते, काका." ते हसले. "आलते की. रोज यायचे सकाळी. तुझ्या डब्याला पाऊस दिसतो का?"

डब्याला फक्त ऊन दिसतं.