विटा जागेवर राहतात आणि आग चालते

डिसेंबरात धुरकट आकाशाचा फोटो पडला की आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "त्या वीटभट्ट्या बंद करा" हे ठरलेलं वाक्य येतं, आणि ह्या वेळी एकाने वर सल्ला दिला की चिमण्या उंच करायला लावा म्हणजे झालं. उंच चिमणीने धूर कमी होत नाही हो, तो फक्त लांब जाऊन पडतो, आपल्याऐवजी दुसऱ्याच्या छातीत. शिवाय माझा मावसभाऊ मुरबाडकडे भट्टी लावतो, त्याच्या भट्टीला चिमणीच नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात त्या भट्ट्या अशाच, कुंभाराच्या आव्यासारख्या. कच्च्या विटांचे थर, मधे कोळशाची भुकटी आणि भाताचा तूस, बाहेरून मातीचं लिंपण, खालून पेटवायचं आणि मग दहा-पंधरा दिवस धुमसत ठेवायचं.

गेल्या मार्चमध्ये त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मधल्या थरातल्या दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या, खणखणीत आवाज आला. मग कडेच्या दोन आपटल्या तर भद्द. एक फोडून दाखवली, बाहेरून लाल आणि आत काळा गाभा. लाल रंग मातीतल्या लोखंडाला भरपूर ऑक्सिजन मिळाल्याचा, काळा गाभा म्हणजे आतला कार्बन जळलाच नाही. म्हणजे कोळशाचे पैसे गेले आणि उष्णता मिळाली नाही. काळ्या धुराचं पण तेच, तो न जळलेला कोळसाच असतो.

वीट भाजते म्हणजे नेमकं काय होतं? १०० अंशाला उरलेली ओल जाते. साधारण ४५० ते ६०० अंशांत चिकणमातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटतं, एकदा ते गेलं की त्याची पुन्हा माती होत नाही. ९०० ते १००० च्या दरम्यान कण थोडे वितळून एकमेकांना चिकटतात. मधेच ५७३ अंशाला एक गंमत आहे, वाळूतलं क्वार्ट्झ तिथे आपली रचना बदलतं आणि एकदम फुगतं, थंड होताना त्याच अंशाला आक्रसतं. हा टप्पा घाईत ओलांडला तर विटा तडकतात. मालाला तडे गेले की नजर लागली म्हणून भट्टीवर काळी बाहुली टांगतात, पुढच्या वेळी कोंबडं देतात. बाहुलीला ५७३ कळत नाही, भट्टी सावकाश थंड केली तर माल वाचतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आव्यात १००० अंशाला तापलेल्या विटा नुसत्या उघड्यावर निवतात, सगळी उष्णता वाऱ्यावर. १८५८ मध्ये जर्मनीत हॉफमन नावाच्या माणसाने गोल भट्टीचं पेटंट घेतलं, १८७६ मध्ये बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तीच कल्पना भारतासाठी स्वस्तात, जमिनीतल्या लांबट गोल चरात आणली. ह्यात विटा हलत नाहीत, आग चालते. डासांच्या कॉइलचा निखारा कसा सरकतो तशी, दिवसाला काही मीटर. आगीच्या मागे भाजून झालेल्या गरम विटा असतात. बाहेरची हवा आधी त्यांच्यातून जाते, विटा निवतात आणि हवा तापते. ही तापलेली हवा आगीपाशी पोचते म्हणून कोळसा चांगला जळतो. पुढे गरम धूर कच्च्या विटांमधून जातो, त्या तापतात, वाळतात, आणि धूर स्वतः थंड होऊन चिमणीतून बाहेर. आपल्या पाण्याच्या बंबात मधल्या नळीतून धूर वर जाताना पाणी तापवतो, तसंच, फक्त इथे दोन्ही बाजूंनी वसुली.

झिगझॅग भट्टीत ह्याच्यापुढे एक पाऊल. विटा अशा रचतात की हवेला सरळ वाट मिळत नाही, डावीकडे-उजवीकडे वळत जावं लागतं. वाट लांबते आणि हवा घुसळली जाते, त्यामुळे कोळशाला ऑक्सिजन मिळतो आणि उष्णता विटेला. आकड्यांत सांगायचं तर एक किलो वीट भाजायला आव्यात २ ते ४ मेगाज्यूल (ऊर्जेचं माप) लागतात, झिगझॅगमध्ये १.१ च्या आसपास. वीट ३ किलोची धरा, कोळसा किलोला १८ मेगाज्यूलचा, आणि आवा २.५ चा, तर एक लाख विटांना आव्यात साधारण ४१.७ टन कोळसा आणि झिगझॅगमध्ये १८.३ टन. २३ टनांचा फरक! टनाला साधारण १.७ टन कार्बन डायऑक्साइड धरला तर ३९ टन वाचतो. पण तूस जाळत असाल तेवढा भाग ह्यातून वजा, कारण त्यातला कार्बन त्याच वर्षी भाताने हवेतून घेतलेला असतो. धूर मात्र तुसाचाही तितकाच वाईट.

एवढी बचत आहे तर सगळे बदलत का नाहीत? केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला की भट्ट्या झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टच्या करा नाहीतर पाइपच्या गॅसवर चालवा. हवा खराब ठरलेल्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्यांना एकच वर्ष दिलं होतं, आणि त्या यादीत आपल्याकडे नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर आहेत. पैशाचं काय ते मात्र ज्याचं त्याने बघायचं.

भाऊ बँकेत गेला होता. खर्च लाखांच्या घरात, जागा भाड्याची, तारण काय देणार, आणि हप्ता दर महिन्याला. भट्टी दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाला बंद, मजुरांना उचल आधीच द्यावी लागते, जुलैचा हप्ता आणायचा कुठून? ह्याला पीककर्जासारखं कर्ज पाहिजे, माल विकला की फेड. आणि झिगझॅगला आग अखंड चालवावी लागते, म्हणजे माल भरपूर हवा, दोन-तीन लाख विटा करणाऱ्याला एकट्याने परवडत नाही. आपल्याकडे साखर कारखाने सहकारावर उभे राहिले, मग पाच-सहा भट्टीवाल्यांची एक झिगझॅग का नाही? लहान मालाला उभी शाफ्ट भट्टीही चालते. चीनमधून आलेली ही भट्टी बरोबर उलटी आहे, आग मधे स्थिर आणि विटा वरून खाली सरकतात, ऊर्जा झिगझॅगपेक्षाही कमी.

कार्बन क्रेडिट विकून भट्टी फुकट होते असं सांगणारे एजंट फिरतात, त्यांच्यापासून सांभाळून. एक क्रेडिट म्हणजे वाचलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, वरच्या हिशोबाने लाख विटांना ३९, आणि ते मोजून तपासून घ्यायलाच खर्च येतो. शेकडो भट्ट्या एकत्र आणल्या तरच जमतं.

आणि कर्जात प्रशिक्षणाचे पैसे धराच. बांगलादेशातल्या २७६ झिगझॅग भट्ट्यांवरचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भट्टी तीच, फक्त कोळसा थोडा थोडा सतत टाकायचा, विटा नीट रचायच्या, वर राखेचा जाड थर द्यायचा हे शिकवलं. शिकवलेल्यांपैकी ६५ टक्क्यांनी ते केलं आणि करणाऱ्यांची ऊर्जा २३ टक्क्यांनी कमी लागली. फायदा मालकाच्या खिशात दिसला म्हणून त्यांनी केलं.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, राखेचा थर मी ह्याच सीझनला देतो, त्याला बँक नाही लागत. बाकीच्यासाठी गावातल्या चौघांशी बोलतो." त्यातले दोघे तयार आहेत, तिसरा म्हणतो आधी कुठेतरी चालू असलेली दाखवा.