पालथ्या बाळाच्या पाठीवर

यवतमाळकडच्या खेड्यात आजही बऱ्याच घरी बाळाला आजीच न्हाऊ घालते. पाय लांब करून त्यावर बाळाला पालथं घालायचं, तेलाचा हात मानेपासून खाली ओढायचा. कमरेच्या मधोमध, माकडहाडाच्या जरा वर हाताला मऊ फुगवटा लागला, तर उत्तर ठरलेलं: "जन्माचीच हाय, दुखत नाही, त राहू द्या."

दंडावरच्या आवाळूला हे चालेल, कण्यावरच्या गाठीला नाही.

गर्भ 4 आठवड्यांचा होईस्तोवर त्याच्या पाठीवरची एक पट्टी वळून नळी बनते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. वरची कातडी या नळीपासून वेळेआधी सुटली, तर उघड्या फटीत शेजारच्या पेशी शिरतात आणि तिथं चरबी धरते, असं मानलं जातं. तेव्हा आईला दिवस गेल्याचंही धड कळलेलं नसतं. ग्रहण पाळलं नाही म्हणून तिला बोल लावू नका.

ही चरबीची गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण मूल वाढतं तसा कणा लांबतो आणि चरबीत अडकलेला मज्जारज्जू दाव्याला बांधल्यागत ताणला जातो. मग कोरडं राहायला शिकलेलं लेकरू पुन्हा चड्डी ओली करतं आणि शाळेत बोलणी खातं. एक पाऊल बारीक होतं, त्याच पायातली चप्पल सारखी निसटते. मे महिन्यात तळव्याला फोड येतो, तरी पोर रडत नाही. ते न रडणंच मला सगळ्यात भीतीचं वाटतं.

कधी गाठ नसतेच. केसांचा झुपका, लाल डाग किंवा कुल्ल्यांमधली तिरकी रेघ एवढंच दिसतं, तरी आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो.

गाठ टोचू नका, फोडू नका. पहिल्या काही महिन्यांत मणके कोवळे असतात, त्यामुळे सोनोग्राफीतही आतलं दिसतं. नक्की निदानाला एमआरआय लागतो. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं. त्यांच्यासमोर झबलं काढून पाठ दाखवा, पण त्यांची वाट पाहत थांबू नका.

त्रास नसलेल्या मुलाचं ऑपरेशन कधी करावं, यावर डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत. ते न्यूरोसर्जनला ठरवू द्या. नसा चरबीत गुंतलेल्या असतात, म्हणून सगळी चरबी नेहमी निघत नाही. मुख्य काम मज्जारज्जू मोकळा करण्याचं. लघवीवरचा गेलेला ताबा मात्र पुष्कळदा परत येत नाही. मोकळा केलेला मज्जारज्जू पुन्हा चिकटूही शकतो, म्हणून मुलाची उंची वाढते आहे तोवर त्याची लघवी आणि पावलं तपासत राहावी लागतात.