शोधयंत्रांना मराठी दिसू लागली तेव्हा

सुरुवातीला इंटरनेटवर शोध व्हायचा तो फक्त फायलींच्या नावांचा. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेजने 'आर्ची' तयार केलं. ते सर्व्हरवरच्या फायलींच्या याद्या जमवायचं आणि नाव जुळलं की दाखवायचं. फायलीत काय लिहिलंय, ते त्याला कळत नसे. पानातला शब्द न् शब्द धुंडाळायची सोय १९९४मध्ये वेबक्रॉलरने दिली. त्याच वर्षीच्या याहूमध्ये माणसं संकेतस्थळं बघून विषयवार लावत, ग्रंथालयातल्या तालिकेसारखी. आपल्याकडे इंडियावर्ल्डचं 'खोज' होतं. पुढे अल्टाव्हिस्टा आलं आणि १९९८मध्ये गूगल. कोणत्या पानाकडे किती आणि कोणाचे दुवे येतात, हे मोजून गूगलने निकालांचा क्रम लावला.

मराठी मात्र तेव्हा यातल्या कुणालाच धड वाचता येत नव्हती.

वर्तमानपत्राचं पान उघडलं की आधी सूचना दिसायची: अमुक फॉन्ट उतरवून घ्या. तो घातला की मजकूर छान मराठीत दिसे. पण त्याच ओळी उचलून दुसरीकडे चिकटवल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं पडायची. कारण आत साठवलेलं तेच होतं. वरून अक्षरांचे आकार तेवढे मराठी होते. त्यातही एका फॉन्टात 'क' जिथे बसवलेला, तिथे दुसऱ्यात भलतंच अक्षर. शोधयंत्राने 'पुणे' शोधायचं तरी कसं? कितीतरी वर्षांचं मराठी लेखन असं जालावर असूनही सापडत नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पण घरच्या संगणकावर ती नीट दिसायला विंडोज २००० यावं लागलं. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. मग हळूहळू वर्तमानपत्रंही युनिकोडकडे वळली.

तरीही मराठीचं व्याकरण आडवं येतंच. 'कोल्हापूर' शोधलं, पण पानावर आहे 'कोल्हापुरात'. प्रत्यय लागला आणि मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व झाला. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला हे दोन निराळे शब्द. 'दऱ्या'मधला अर्धा र तर दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. अशा अडचणींवर आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 'संधान' या भारतीय भाषांच्या शोधयंत्रात काम झालं. ते घरोघरी पोचलं नाही, पण इथे प्रश्न मराठीच्या बाजूने विचारला गेला होता, हे मला मोलाचं वाटतं.

आज शोधयंत्र निवडताना नावापेक्षा त्यामागची अनुक्रमणी, म्हणजे शोधासाठी जमवून ठेवलेली पानांची सूची, कोणाची, ते बघावं. याहूने २००९मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि त्याचे निकाल मायक्रोसॉफ्टच्याच बिंग या शोधयंत्राकडून येऊ लागले. डकडकगो हे शोधयंत्र वापरणाऱ्याच्या मागावर राहत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण त्याचेही बरेचसे निकाल बिंगचेच. म्हणजे या तिघांना विचारणं हे बहुतेक वेळा एकालाच तीनदा विचारणं. गूगल, बिंग आणि रशियातल्या यांडेक्सच्या अनुक्रमण्या मात्र स्वतःच्या आहेत. एकाकडे नाही मिळालं तर मी दुसऱ्याकडे जातो, आणि प्रत्येक ठिकाणी 'कोल्हापूर', 'कोल्हापुरात', 'कोल्हापूरचा', 'कोल्हापुरी' अशी रूपं आलटूनपालटून टाकून बघतो.