कॅन्सरच्या दोन लशी: एक मुलीला टोचायची, एक पेशंटसाठी बनवायची

'कॅन्सरवर लस आली' ही बातमी फिरली की मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत दोन प्रश्न हमखास येतात. मुलीला द्यायची ती हीच का? आणि आईची गाठ काढलीय, तिला चालेल का? लशी दोन आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

मुलीला द्यायची ती एचपीव्हीची. ती कॅन्सरवर नाही, त्याला कारण ठरणाऱ्या विषाणूवर आहे. गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरमागे एचपीव्हीचे 16 आणि 18 हे दोन प्रकार असतात. पुण्याच्या सीरमच्या 'सर्वाव्हॅक'मध्ये हे दोन्ही आहेत, शिवाय 6 आणि 11. लशीत विषाणूचं फक्त प्रथिनाचं रिकामं कवच असतं. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. पंधरावं पूर्ण झाल्यावर सुरू केली तर 0, 2 आणि 6 महिन्यांनी असे तीन. आधीच झालेला संसर्ग किंवा गाठ तिने बरी होत नाही. लस घेतलेल्या बाईनेही तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायलाच हवी. मिश्री-तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तिच्यावर विसंबू नये.

दुसरी एमआरएनएची, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची कृती सांगणाऱ्या रेणूची. तिच्यावर काम करणाऱ्यांत अमेरिकेतली मॉडर्ना आणि जर्मनीतल्या माइन्झची बायोएनटेक आघाडीवर आहेत. बायोएनटेकला कोविडने घरोघरी पोचवलं, पण 2008 मध्ये ती निघाली कॅन्सरच्या उपचारांसाठी. गाठ काढल्यावर तिचा तुकडा आणि पेशंटचं रक्त, दोन्हींतली जनुकं वाचतात. जे बदल गाठीत आहेत आणि रक्तात नाहीत, त्यांतले प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडतील असे निवडतात: मॉडर्ना आणि तिची भागीदार औषध कंपनी मर्क यांच्या लशीत जास्तीत जास्त 34, बायोएनटेकच्या लशीत जास्तीत जास्त 20. या बदलांची कृती एमआरएनएवर उतरवून चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात. पेशी ती वाचून प्रथिनं बनवतात आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना शत्रू ओळखता येतो. हा एमआरएनए पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, त्यामुळे आपली जनुकं बदलत नाहीत. एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात.

मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या 157 पेशंटच्या चाचणीत मॉडर्ना-मर्कची लस पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला बळ देणाऱ्या कॅन्सरच्या औषधासोबत दिली. नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या तुलनेत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी कमी दिसला. आकडा खरोखर आशेचा आहे, पण पेशंट थोडे होते. या दोन्ही कंपन्यांच्या लशी अजून चाचण्यांतच आहेत. त्या मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. आणि त्यांची वाट बघत मुलीची एचपीव्ही लस लांबवणं तर साफ चुकीचं.

साठवणीतही दोघींची तऱ्हा उलटी. एमआरएनए नाजूक, म्हणून ती गोठवून जपावी लागते. एचपीव्ही लशीला 2 ते 8 अंश लागतात आणि गोठली की ती वाया जाते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या कणांचे गठ्ठे होतात. कुपी हलवून ठेवली की गाळ भराभर तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी दिसतं. पावसाळ्यात वीज गेली की घाई होते, डीप फ्रीजरमधले कडक आइसपॅक तसेच लस न्यायच्या कॅरियरमध्ये भरले जातात आणि कुपी गोठते. आइसपॅक हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचं ऐकू येईपर्यंत ते बाहेर ठेवायचे.

ज्यांची गाठ काढायची आहे, त्यांच्यासाठी एक. गाठीचा तुकडा बाटलीतून लॅबला न्यायला नातेवाइकांच्या हाती देतात. बाटलीत 10 टक्के फॉर्मालिन, म्हणजे तुकडा टिकवणारं रसायन हवं, तेही तुकड्याच्या दसपट. पाणी किंवा सलाइन चालत नाही. फॉर्मालिनमध्येही तुकडा चार-चार दिवस राहिला तर जनुकं नीट वाचण्याजोगी राहत नाहीत. लॅबकडून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मागून घ्या आणि परळला टाटा हॉस्पिटलला जाताना रिपोर्टसोबत न्या. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.