मुरमांच्या औषधाला किती दिवस द्यायचे?

आमच्या मेडिकलमधून ट्यूब, जेल किंवा गोळ्या नेणाऱ्या ग्राहकांसाठी

मुरमांची ट्यूब नेलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत परत येतं. "कायच फरक नाही ओ, दुसरी कुठली तरी द्या की." त्या वेळी मागं बीपीच्या गोळ्या घ्यायला कुणी आजोबा उभे असतात, फोन वाजत असतो, आणि जे नीट सांगायला हवं ते अर्धवट राहतं. म्हणून हा कागद. पिशवीतून काढून टाकून देऊ नका, ट्यूबसोबत ठेवा.

आधी उत्तर सांगतो. चेहऱ्याला लावायच्या बहुतेक औषधांचा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी बघायचा असतो. गणेश चतुर्थीला सुरू केलं तर लक्ष्मीपूजनाला जेमतेम आठ आठवडे भरतात, तेव्हा फरक दिसायला लागलेला असतो. संक्रांतीला आपल्या सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत चेहरा स्वच्छ हवा असेल तर दसऱ्याला सुरुवात करा. साखरपुडा पंधरा दिवसांवर आलाय आणि आज पहिली ट्यूब नेताय, तर त्या दिवसापुरता तिचा उपयोग होणार नाही. उलट त्याच दिवशी गाल सोललेले दिसू शकतात. अशा वेळी कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग निवांत सुरू करा.

इतका वेळ का लागतो?

आज गालावर दिसणारा फोड आज तयार झालेला नसतो. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथून वर येणाऱ्या वाटेत मेलेल्या पेशी आणि तेल साचून बूच बसतं, मागं तेल तुंबतं, त्यात जंतू वाढतात आणि मग सूज येते. आतल्या आत बूच बसल्यापासून फोड वर दिसेपर्यंत काही आठवडे जातात, कधी दोन महिनेही. ट्यूबचं खरं काम पुढची बुचं बसू न देण्याचं आहे. आधीच तुंबलेली छिद्रं पहिल्या महिन्यात फुटणारच. ते फोड ट्यूबनं उठवले असं समजून बरेच जण ती फेकून देतात आणि दुसरी आणतात. दुसरीचंही तेच होतं. चार महिन्यांत चार ट्यूबा होतात, आणि एकीलाही पूर्ण संधी मिळालेली नसते.

पहिला महिना सगळ्यात अवघड

रात्री लावायच्या अ‍ॅडापलिन किंवा ट्रेटिनॉइनच्या ट्यूबला त्वचा सुरुवातीला कुरकुर करते. कोरडी पडते, नाकाच्या कडेनं पापुद्रे निघतात, जरा चुरचुरते, काही जणांना फोडही थोडे वाढल्यासारखे वाटतात. दोन ते चार आठवड्यांत हे बहुतेक निवळतं. तोवर एक दिवस आड लावा आणि वरून साधं मॉइश्चरायझर लावा. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या. सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं जेल पुरतं: कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर एकेक ठिपका देऊन पसरवायचं. फक्त फोडावर थापून उपयोग नाही, कारण उद्याचा फोड कुठं येणार ते आपल्याला दिसत नाही. जास्त लावल्यानं लवकर बरं होत नाही, आग तेवढी जास्त होते. मात्र चेहरा सुजला, पाणी सुटलं किंवा लालभडक झाला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर या ट्यूबा वापरायच्या नाहीत. डॉक्टर दुसरं औषध लिहून देतात.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फरक थोडा लवकर, चार-पाच आठवड्यांत जाणवायला लागतो. अडीच टक्क्यांचं जेलही चांगलं काम करतं. जादा टक्क्यांचा हट्ट धरू नका, त्यानं कोरडेपणाच वाढतो. आणि एक घरगुती इशारा: हे औषध कापडाचा रंग उडवतं. रंगीत सोलापुरी चादरीवर किंवा अभ्र्यावर तोंड टेकून झोपलात की तिथं पांढरट डाग पडतो, तो धुऊन जात नाही. रात्री पांढरा टॉवेल अंथरा.

क्लिंडामायसिनचं जेल एकटंच महिनोन्‌महिने लावू नये. जंतूंना त्याची सवय होते आणि पुढं ते लागू पडेनासं होतं. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्याही साधारण तीन-चार महिन्यांच्या वर चालवत नाहीत. त्या ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. या गोळ्यांवर ऊनही जास्त लागतं. एप्रिल-मे मधलं आपल्याकडचं ऊन बघता टोपी, स्कार्फ आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन घेऊनच बाहेर पडा.

पाळीशी संबंधित मुरमांवर डॉक्टर कधी हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यांना तीन ते सहा महिने लागतात.

आयसोट्रेटिनॉइनबद्दल थोडं कडक बोलतो

ही गोळी जोरदार आहे आणि हट्टी मुरमांवर तिच्याइतकं दुसरं काही चालत नाही. कोर्स बहुधा चार ते सहा महिन्यांचा, कधी त्याहून लांब. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात, सुरुवातीला मुरूम उसळू शकतात. चरबी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येतं, म्हणून कोर्सच्या महिनाभर आधीपासून संपल्यावर महिनाभरापर्यंत दिवस राहता कामा नयेत. तुमचं रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं, म्हणून कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदानही करायचं नाही. जयंतीच्या शिबिरात मित्रांनी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा. थोरल्या बहिणीची उरलेली स्ट्रिप धाकटीला देणं हा प्रकार आम्ही बघितला आहे. कृपा करून करू नका. चिठ्ठीशिवाय ही गोळी आमच्याकडं मागू नका, मिळणार नाही.

तीन दिवसांत गुण देणारी ट्यूब

ओळखीतलं कुणीतरी एखादी ट्यूब सुचवतं, "लावून बघ, तीन दिवसांत चेहरा कसा होतो." आणि खरंच होतो. लाली जाते, रंग उजळतो, फोड बसतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर बारीक अक्षरांत शोधा. काही आठवड्यांनी ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, मुरूम दुपटीनं येतात, आणि पुन्हा तीच लावल्याशिवाय बरं वाटत नाही. पुढं त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, बायकांच्या गालांवर लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातली. तरी मागणी काही थांबत नाही. गोरं करणारी क्रीम म्हणून मागितली तरी आम्ही चिठ्ठी मागणारच, राग मानू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडं जा.

डाग आणि खड्डे

मुरूम बसल्यावर उरलेला काळा डाग म्हणजे मुरूम नव्हे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर तो गडद उठतो आणि जायला कित्येक महिने, कधी वर्षही घेतो. उन्हापासून जपलं तर लवकर फिका पडतो, फोड नखानं फोडले तर आणखी गडद होतो. ट्यूबनं गुण आला की नाही हे डागांवरून ठरवू नका, नवे फोड किती येतात ते मोजा. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही. खड्डे पडले असतील तर ट्यूबनं ते भरत नाहीत, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडचे वेगळे उपचार असतात.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते, एवढंच. कपाळावर बारीक पुरळ असेल तर आधी केसांचं तेल कमी करून बघा. शेंगाचटणी आणि तिखट बंद केल्यानं मुरूम जातात याला भक्कम आधार नाही. गोड, मैद्याचे पदार्थ आणि जिममधल्या मुलांची व्हे प्रोटीन पावडर यांचा संबंध मात्र काही जणांत दिसतो. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशनं धुतला की पुरे. घासून मुरूम निघत नाहीत.

थांबू नका अशा वेळा: खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर केस वाढत असतील, किंवा चेहऱ्यामुळं मुलगा-मुलगी कॉलेजला जायचं टाळत असेल. अशांनी बारा आठवडे मोजत बसू नये. सिव्हिलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, खासगी डॉक्टरही शहरात बरेच आहेत. औषध नेमानं लावूनही बारा आठवड्यांत काही फरक नसेल तर त्यांनीही जावं. फरक पडला तर लगेच बंद करू नका. रात्रीची ट्यूब किती काळ चालू ठेवायची ते डॉक्टर सांगतील, नाहीतर दोन-तीन महिन्यांत मुरूम परत येतात.

ट्यूब घेताना सांगितलंत तर आम्ही खोक्यावर सुरुवातीची आणि बारा आठवड्यांनंतरची तारीख पेननं लिहून देऊ. उघडलेली ट्यूब बदलून मिळणार नाही. पण लावताना काही अडलं, तर खोकं आणि चिठ्ठी घेऊन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. त्या वेळी काउंटरवर गर्दी नसते.