सुई लावली की कॅन्सर पसरतो?

ऑस्टिओसार्कोमा किंवा युइंग सार्कोमा हे हाडांचे दुर्मीळ कॅन्सर बहुधा कुमारवयात होतात, आणि कुणीतरी बजावतंच, ‘सुई लावू नका, पसरेल!’ बायॉप्सीने, म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासल्याने, कॅन्सर अंगभर पसरत नाही. उलट तिच्याशिवाय नेमका प्रकार कळत नाही, आणि दोन्हींची औषधं सारखी नाहीत. (वाट पाहण्यात गाठ वाढते, ते वेगळंच.)

समजुतीत कणभर तथ्य आहे. सुईच्या वाटेवर क्वचित काही पेशी राहू शकतात. म्हणून सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सार्कोमा-तज्ज्ञांनीच ठरवायचं. म्हणजे गरज पडल्यास ती वाट गाठीसोबतच काढता येते. भलत्याच जागी घेतलेल्या बायॉप्सीमुळे वाचवता आला असता असा पायही कधीकधी गमवावा लागतो. भीती बाळगायचीच तर घाईत, कुठेही उरकलेल्या बायॉप्सीची बाळगा.